डाव्या कुशीतली खिडकी

मी एक जुनी गाय हाय. म्हातारी म्हनू नका मित्रांनो, जुनी म्हना. घर जुनं असलं की त्याला खिडकी असती, तशी मलाबी हाय. डाव्या कुशीत, ताटलीएवढी, रबराचं बूच लावलेली. तुमी शाळेची सहल घिऊन येता, तुमच्या बाई नाकाला पदर लावतात, आन् एकेक जन माझ्या पोटात डोकावून बघतो. मागं एक टारगट पोरगं इचारत हुतं, "बाई, हिच्या आत टीव्ही हाय का?" नसायला काय झालं? हाय की. पर त्याच्यावर काय लागतं ते कुनी इचारत न्हाई. आज आलाच हायत, तर बघायच्या आधी जरा ऐका.

माझा जन्म राहात्याजवळच्या एका वस्तीवरचा, वाल्मिक म्हनून शेतकऱ्याच्या गोठ्यात. मी इतकी दांडगी जन्मले की डॉक्टरनं मला बघून इचारलं, "वाल्मिकभाऊ, हिचा बाप हत्ती हुता काय हो?" माझी आय लाजून चूर झाली. पयल्या वेताला तर मी एवढं दूध दिलं, एवढं दूध दिलं, की डेअरीवाल्यानं टँकर थेट गोठ्यातच आनला. बरं, टँकर न्हाई, दोन कॅन. पर कॅन मोठे हुते.

वाल्मिकच्या दोन्ही पोरांना पुन्यात नोकऱ्या लागल्या आन् शेन काढायला घरात कोन उरलं न्हाई. त्यानं मला लोनीच्या बाजारात उभी केली. लोकं येत हुती, कास दाबून बघत हुती, दात मोजत हुती. एक साहेब मात्र कासंकडं बघेचना. त्यानं माझ्या पोटावर थापट्या मारल्या, कलिंगड घेताना मारतात तशा, आन् म्हनला, "हीच." दुधाची गाय सोडून पोट खरेदी करनारं गिऱ्हाईक म्या पयल्यांदाच बघितलं. तवाच दावं तोडून पळायला पायजे हुतं. पर टेम्पोत हिरवा मका टाकलेला, मी आपली चढले.

साहेबांचं फार्म संगमनेरच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. पशुखाद्याची कंपनी. पोत्यात भरायच्या आधी त्यांचं खाद्य आमी खाऊन बघायचं, हे आमचं काम. तिथं मला नाव न्हाई, नंबर मिळाला. सात. नाव दिलं ते रंगुबाईनं. रंगुबाई म्हंजे शेन काढनारी, जवळच्याच वस्तीवरची. नवरा न्हाई, एकुलती लेक नांदायला गेलेली, म्हनून आमाला लेकीवानी बोलायची. मला म्हनायची ठकी.

आठवड्यानं साहेबांनी माझ्या कुशीवरचे केस भादरले. चुन्यानं गोल काढला, आन् त्या गोलावरून माझी कातडी कापली. उभ्या उभ्या. भूल दिली हुती, खोटं कशाला बोलू. पर ती जरा लवकर उतरली. मी वरडले, तर साहेब म्हनले, "दोनच टाके राहिलेत, थांबायचं नाही." रंगुबाईनं माझं तोंड दोन्ही हातात धरलं हुतं. "ठके, माझ्याकडं बघ. तिकडं बघू नगं. माझ्याकडं बघ." मी बघितलं. तिच्या कपाळावरचं गोंदन आजबी मला पाठ हाय.

जखम भरली आन् माझी चैन सुरू झाली. पाहुने यायचे, साहेब माझ्या पाठीवर हात ठिवून "ही आमची हिरोईन" म्हनायचे. बूच काढायचं, हातभर मोजा घालायचा, पोटातून मूठभर चारा बाहेर काढायचा, बाटलीत भरायचा. थंडीत खिडकी उघडली की आतनं वाफ निघायची. आमचा दूध काढनारा शलमोन तिच्यावर हात शेकून घ्यायचा. एकदा वाकला आन् त्याच्या खिशातला मोबाईल गेला की आत! तीन दिवस माझ्या पोटात वाजत हुता. बॅटरी? आमच्या पोटात ऊब असती, आपोआप चार्जिंग हुतंय. त्याची बायको लिडिया सारखी फोन करायची. मी रवंथ करताना कळ दाबली गेली आन् तिला ऐकू आलं, "हंऽऽ." ती म्हनली, "शलमोन, पुन्हा पिलास व्हय रं?"

हसा, हसा. इथवर मी थोडा मसाला लावून सांगितलं. आता इथनं पुढं न्हाई लावनार.

मला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका, कान सारखे उभे. रंगुबाई तिला चिंगी म्हनायची. तिसऱ्या दिवशी तिला माझ्यापासून तोडून कालवडींच्या गोठ्यात नेली. मधी पत्र्याची भिंत. ती तिकडनं हंबरायची, मी इकडनं. दोन वर्सं आमी दोघी पत्र्यातूनच बोललो.

मग आली पांढरी पावडर, युरियाची. सरकी पेंड महाग, त्याऐवजी ही खाद्यात घातली की दूध तेवढंच निघतं, असं साहेब म्हनायचे. थोडी घातली तर खरंच काय हुत न्हाई. जादा झाली की जनावर मरतं. थोडी म्हंजे किती आन् जादा म्हंजे किती, हे साहेबांना पोत्यावर छापायचं हुतं. ते टेबलावर बसून कळत न्हाई मित्रांनो. ते आमच्या पोटात कळतं.

नेम असा हुता. आदल्या दिवशी सकाळधरनं जनावर उपाशी ठिवायचं, तोंडाला मुसकं बांधायचं. कारन रिकाम्या पोटी पावडर लवकर चढती, आन् साहेबांना वाईटात वाईट काय हुतं तेच बघायचं हुतं. भरल्या पोटी तीच पावडर मवाळ पडती. गूळ-भाकर आत असंल तर आनखीनच. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडून पावडर थेट पोटात. तोंडानं दिली तर आमी थुकली असती.

शेजारच्या पाच नंबरला तीन मापं टाकली. अर्ध्या तासात तिला कापरं भरलं. तोंडाला फेस, पोट नगाऱ्यावानी. त्याच्यावर साधं औषध हाय, शिरका म्हंजे व्हिनेगर, आन् थंड पानी. बाटल्या तिथंच फळीवर मांडलेल्या. मोनिका मॅडमनी बाटली उचलली. ह्या मॅडम नव्या हुत्या, कालेजातनं नुकत्याच आलेल्या, नोंदी ठिवायच्या. साहेब म्हनले, "आधी नोंद, मग औषध. किती मिनिटांनी पडते ते कळू दे."

चाळीस मिनिटांनी पडली. मग औषध दिलं. ते तिच्या नाकातनं बाहेर आलं.

"मूळचीच कमजोर असावी," साहेब म्हनले. "सात नंबरवर चार मापं बघू."

तो दिवस धनतेरस ठरला. म्हंजे मला उपाशी ठिवायचा दिवस आला वसुबारसेचा.

आता ऐका, चूक कशी झाली ती. वसुबारसेला बायका दिवसभर उपास धरतात आन् तिन्हीसांजेला गाय-वासराची पूजा करतात. रंगुबाईच्या वस्तीवर पयल्यासारख्या गाई राह्यल्या न्हाईत. दूध पिशवीतनं येतं, पिशवीला काय हळद-कुंकू लावता येत न्हाई. म्हनून वस्तीवरच्या साऱ्या बायका आपापला निवद रंगुबाईच्या टोपलीत घालायच्या. "रंगुआत्या, तुमच्या फार्मातल्या गाईला चारा." त्या साली पंधरा घरचा निवद हुता. बाजरीच्या भाकरी, गूळ, गवारीच्या शेंगा.

संध्याकाळी साहेब गेले तशी रंगुबाई टोपली घिऊन आली. शलमोन वाटेत उभा.

"मावशे, आज तिला काय द्यायचं न्हाई. मुसकं दिसतंय ना?"

"तुझ्या नाताळात तू उपाशी बसतोस का रं?"

"साहेबांना कळलं तर दोघंबी घरी जाऊ."

"घरीच जाऊ ना? मसनात तर न्हाई. जा, चिंगीला सोडून आन. वासराबिगर पूजा हुत न्हाई."

शलमोन पुटपुटत गेला आन् चिंगीला घिऊन आला. दोन वर्सांनी ती माझ्या पुढ्यात उभी हुती. माझ्याएवढी उंच झालेली, पर अंग अजून कवळं. रंगुबाईनं माझं मुसकं सोडलं. मी आधी भाकर खाल्ली न्हाई, आधी लेकीला चाटलं. कानामागनं, मानंखालनं, त्या पांढऱ्या ठिपक्यावरनं. रंगुबाई पंधरा घरांची नावं घेत घेत मला घास भरवत हुती. "ही मुक्ताबाईची. ही साळूबाईची. खा माझे आये, उद्या तुझ्या पोटात काय घालत्यात कुनास ठाऊक." सगळी टोपली मी संपवली. मग तिनं परत मुसकं बांधलं आन् गाठ तश्शीच मारली.

सकाळी चार मापं माझ्या खिडकीतून आत गेली. साहेब घड्याळ घिऊन बसले. मला घाम फुटला, पाय लटपटले, डोळ्यापुढं अंधारी आली. पर मी पडले न्हाई. पंधरा घरच्या गूळ-भाकरीनं मला उभी धरली हुती. दुपारी साहेब फोन करत बाहेर गेले, "चार मापं, उपाशीपोटी, आणि उभी आहे!" मोनिका मॅडमनी मोजा घालून आत हात घातला. बाहेर काढला तर मुठीत गवारीच्या शेंगा.

मॅडमनी शेंगांकडं बघितलं. मग शेनाची पाटी धरून उभ्या असलेल्या रंगुबाईकडं.

"मावशी, हे काय?"

"वसुबारस हुती बाई."

मॅडमनी शेंगा गटारीत टाकल्या आन् वरनं पानी सोडलं.

"कुणाला बोलू नका. तुमची नोकरी जाईल, आणि हिला परत उपाशी ठेवून परत चार मापं देतील. या वेळी मरेल ती."

रंगुबाईनं मॅडमच्या पायालाच हात लावला. मित्रांनो, त्या दोघींनी मला वाचवलं, हे मी नाकारत न्हाई. दोघीबी मायाळू.

चार वाजता साहेब परत आले. "मोठ्या गाईला चार चालतात, तर निम्म्या वजनाच्या कालवडीला दोन. भाऊबीज झाली की चार कालवडी घेऊ."

मॅडम म्हनल्या, "सर, सात नंबरवर आणखी एकदा... म्हणजे खात्री म्हणून."

"का? काही चुकलंय का?"

त्यांनी खाली बघितलं. "नाही सर."

मी हंबरले. गळा फुटंस्तवर हंबरले. साहेब म्हनले, "भूकही चांगली लागतेय. लिहा." मॅडमनी लिहिलं.

त्यानंतर दिवाळी झाली. मॅडम रोज यायच्या, माझ्याकडं न बघता बाटल्या भरायच्या. रंगुबाईनं फराळाचा डबा आनून दिला, त्या "नको" म्हनल्या. रंगुबाईला वाटलं, प्रकरन आपल्या नोकरीपुरतंच हाय आन् मिटलं. मॅडमला मात्र कालवडींचं सगळं ठाऊक हुतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चार कालवडी ओळीनं बांधल्या. कालपासनं उपाशी, मुसकी घट्ट. पत्रा काढून ठिवला हुता, म्हनून मला दिसत हुतं. पयली चिंगी. तिला खिडकी न्हाई, म्हनून घशात नळी घातली. साहेब म्हनले, "सात नंबरनं रिकाम्या पोटी चार सोसली. हिला दोन काहीच नाहीत."

रंगुबाईच्या हातातला झाडू थांबला. "रिकाम्या पोटी?" ती हळूच म्हनली, आन् तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान फिरवली. तेवढ्यात दोन मापं नळीतून खाली गेली.

वीस मिनिटं. माझी लेक आधी थरथरली. मग तिनं मान मागं टाकली आन् माझ्याकडं बघून हंबरली. पोट फुगत गेलं. गुडघे टेकले. साहेब घड्याळाकडं बघत हुते. तवा रंगुबाई वरडली, "म्या खाऊ घातलं हुतं! ठकीला म्या पोटभर खाऊ घातलं हुतं, साहेब! ती उपाशी नव्हती!" आन् फळीवरची शिरक्याची बाटली हिसकून ती चिंगीच्या तोंडाशी बसली. मॅडम रडत म्हनल्या, "खरंय सर. मला माहीत होतं." साहेबांनी दोघींकडं बघितलं, मग वहीकडं. "म्हणजे माझा अख्खा महिना वाया," ते म्हनले.

चिंगी रंगुबाईच्या मांडीवर मेली. मला दाव्यानं तिथवर पोचता आलं न्हाई. तिला फरफटत नेली तवा जमिनीवर शिरक्याच्या पान्याचा ओला पट्टा पडला. शलमोननं तो धुतला.

मागच्या तिघींची मुसकी सोडली. चाचनी बंद झाली, पोत्यावर साहेबांना कायबी छापता आलं न्हाई. रंगुबाईला त्याच दिवशी काढलं, मॅडम महिन्याभरानं आपनहून गेल्या. मी आटले, आता मला फक्त दाखवायला ठिवलंय.

तर मित्रांनो, तुमी मोठे व्हाल. कुनी डॉक्टर व्हाल, कुनी नोंदी ठिवाल, कुनी शेन काढाल. जनावरावर माया करा, पर चोरून करू नका. माझ्या लेकीभवती दोन मायेची मानसं हुती, आन् त्यांच्याकडं पाच दिवस हुते. एक ओरड तिघींना पुरली. माझ्या चिंगीसाठी तीच ओरड पाच दिवस आधी पायजे हुती. आमाला तोंड हाय, पर त्यातनं हंबरच निघतो, आन् तो कुनी भूक म्हनून लिहून घेतो. तुमाला बोलता येतं. नोकरी जाईल, साहेब चिडतील, बाई रागावतील. रागावू द्या. जे दिसलं ते बोला, आन् त्याच दिवशी बोला.