चौदावा जानेवारी

तळेसांगवीत चौदावा जानेवारी लागला आणि वाघोळ्यांच्या पल्लवीचा आठवा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला.

गावाला आता याचं काही वाटत नव्हतं. महिन्यातून एकदा संक्रांत यायची. लोक तोंड वाकडं करून तिळगूळ घ्यायचे आणि गोड बोलायचे. दर हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी मिळाल्याने प्रत्येक घरी तेरा चाळण्या जमल्या होत्या. सव्वीस तारखेला शाळेची पोरं संचलन करायची. ती इतकी सरावली होती, की कुणी हुकूम दिला नाही तरी वळायची.

हे सुरू कसं झालं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पल्लवीचे वडील भालचंद्र वाघोळे कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. नगरपरिषदेच्या गच्चीवर हवा ओढणारं एक यंत्र आहे. त्यातला कागद महिनाअखेरीस काढायचा, काट्यावर तोलायचा आणि धुळीचा आकडा चौकातल्या फळ्यावर लिहायचा, हे काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या जानेवारीत लोखंडाच्या भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद होत्या, त्यामुळे आकडा खरोखरच शहाण्णव भरला. फळ्यावर ‘समाधानकारक’ असं लिहिताना वाघोळ्यांना स्वतःलाच लाजल्यासारखं झालं होतं.

आरोग्य निरीक्षक गुळवे साहेबांना तो आकडा फार आवडला. तक्ता जिल्ह्याला वेळेवर जावा म्हणून तो महिना उजाडायच्या आतच भरून ठेवायचा, ही त्यांची जुनी पद्धत. एकतीस जानेवारीला त्यांनी फेब्रुवारीचा कोरा तक्ता पुढे सरकवला.

“मागीलप्रमाणे लिहा.”

“साहेब, उद्यापासून भट्ट्या सुरू होतायत.”

“म्हणूनच म्हणतो.”

वाघोळ्यांनी ‘मागीलप्रमाणे’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात एक जानेवारी उजाडला. दिनदर्शिकेचं पान फाडलं तर खाली जानेवारीच होता.

भट्ट्या मात्र चालू होत्या. कागद दर महिन्याला काळा निघायचा. वाघोळे तो न तोलता कपाटात ठेवायचे, आणि जी हवा फळ्यावर लिहिली जात नव्हती ती गावावर साचत होती. आभाळ महिन्याला दोन-तीन हात खाली यायचं. आधी भट्ट्यांची धुराडी आत गेली, मग पाण्याची टाकी, मग नगरपरिषदेचा वरचा मजला. कबुतरं रस्त्याने चालत जाऊ लागली. चौदाव्या जानेवारीत उंच माणसं पोक काढून हिंडत होती आणि बुटक्यांना पहिल्यांदाच गावात मान मिळत होता.

पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तारीख फेब्रुवारीची. जावई नगरला. तिकडे दुसऱ्या वर्षाचा मार्च लागला होता.

“बाबा,” जावई फोनवर म्हणाला, “हिच्याबरोबर जिची ओटी भरली, तिचं पोर चालायला लागलं. आई विचारतेय, तुमच्याकडे नेमकं काय चाललंय?”

“जानेवारी,” वाघोळे म्हणाले.

पल्लवीने एकतीस तारखेला सकाळी चहा पुढे ठेवला आणि खाली बसायच्या फंदात न पडता भिंतीला टेकली. एकदा बसली की उठायला दोघं लागायची.

“बाबा, आता हे आतून दार वाजवतं,” ती म्हणाली. “लाथ नाही मारत. दोनदा टकटक करतं आणि थांबतं. माझ्याच्याने आणखी एक आठवा महिना नाही निघायचा.”

“शहाण्यासारखं आहे गं,” तिची आई शैला म्हणाली. “बापासारखं नाही. विचारून तरी बघतंय.”

वाघोळे चहा न पिता उठले. कॉलेजात जाऊन त्यांनी कपाटातून तेरा कागद काढले आणि एकेक तोलला. नियमाप्रमाणे सरासरी काढायची असते. पण हवा काही सरासरीने परत यायची नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बेरीज केली. चार हजार एकशे शहाऐंशी.

गुळवे साहेब टेबलाखाली खुर्ची टाकून बसले होते. कचेरी उंच जोत्यावर असल्यामुळे आभाळ आत शिरून टेबलापर्यंत आलं होतं.

“हा आकडा लिहिलात तर फेब्रुवारी येईल,” साहेब शांतपणे म्हणाले.

“हो.”

“अठ्ठावीसला मी निवृत्त होतो.”

“ठाऊक आहे.”

“माझं सोडा. वरचं सगळं एकदम खाली येईल. तुमची मुलगी बाळंत होईल ती कशात?”

वाघोळ्यांना याचं उत्तर तेरा महिने सुचलं नव्हतं, म्हणून तर तेरा महिने झाले होते. त्यांनी उकिडवं बसून तक्ता भरला, मग वाकून चौकात गेले. फळ्यावर तीनच आकड्यांची जागा होती. शेवटचा सहा त्यांनी शेजारच्या भिंतीवर लिहिला.

हात खाली घेईपर्यंत एक फेब्रुवारीची दुपार झाली होती. आभाळ जमिनीला टेकलं. आवाज काहीच झाला नाही, गोधडी टाकल्यासारखं झालं. वाघोळे भिंत चाचपत घरी पोचले, तेव्हा पल्लवीच्या कळा संपत आल्या होत्या. चौदा महिने थांबलेल्या पोराने आणखी थांबायचं कारण नव्हतं.

दवाखान्यातल्या गवारे सिस्टर चाळणीला ओला पंचा बांधून ती तोंडावर धरून आल्या होत्या. त्यांनी मूल उलटं धरलं, पाठीवर थापटलं, तळव्यावर टिचकी मारली.

“मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “काही दुखत-खुपत नाहीये त्याला. त्याने श्वास रोखून धरलाय.”

“धरलाय म्हणजे?” शैला म्हणाली.

“म्हणजे घेत नाहीये. बघतोय.”

मूल खरंच बघत होतं. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले, अंग निळसर होत चाललेलं. त्याने खोलीतल्या काळोख्या हवेवरून नजर फिरवली, आईच्या तोंडावरच्या पदरावर क्षणभर ठेवली, मग आजोबांवर आणली.

“बाबा,” पल्लवी पदराआडून म्हणाली. “त्याच्या कानात सांगा ना काहीतरी. तुमचं ऐकेल.”

“काय सांगू?”

“हवा चांगली आहे म्हणून सांगा.”

वाघोळे वाकले. बारशाला कानात नाव सांगतात तसं त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. त्यांना एकच शब्द येत होता, आणि तो त्यांनी तेरा वेळा लिहिला होता.

“मागीलप्रमाणे,” ते म्हणाले.

बाळाने एक डोळा त्यांच्याकडे वळवला आणि गाल आणखी थोडे फुगवले.