डबाभर तेल

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. जन्मलो खाण्याच्या तेलासाठी. अंगावर सूर्यफुलाचं चित्रही होतं. तेल संपल्यावर स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी छिन्नीनं माझी एक बाजू कापली, हातोडीनं काठ दुमडले आणि मला गाडीखाली सरकवलं. तेव्हापासून इंजिनातलं काळं, जळकं तेल पोटात घेणं हेच माझं काम. सूर्यफूल केव्हाच काळवंडलं. पण मी कधी थेंब गळू दिला नाही. मिस्त्री गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "हा डबा म्हणजे माझा उजवा हात."

मिस्त्रींचा सगळा जीव थोरल्या बहिणीत. ताई मागच्या अंगणात विहिरीच्या पाण्यावर लोकांचे कपडे धुऊन द्यायची. धूळ उडाली की तिला खोकल्याची उबळ यायची. म्हणून मिस्त्री रोज संध्याकाळी मला उचलत आणि सगळं तेल अंगणात शिंपडत. धूळ बसायची, खोकला थांबायचा. जुनं तेल नेणारा टेम्पोवाला आला की ते त्याला वाटेला लावत. "माझं गॅरेज ते केवढं! डबाभर तेलानं काय होतंय?" मलाही ते पटायचं.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथे तळं नव्हतं, विहीर होती. एका सकाळी ताईनं पांढरी चादर पिळली, तर ती पिवळट आणि चिकट निघाली. मग लोक कपडे परत आणून देऊ लागले. ताईनं पाण्याची बादली भावासमोर ठेवली. पाण्यावर रंगीत तवंग होता.

मिस्त्रींनी बोट बुडवून वास घेतला. त्या वासाची त्यांना कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

"ताई, तुझ्यासाठीच टाकत होतो गं."

"माहीत आहे रे. पण खोकला परवडला. माझं पाणी नको घालवूस."

आता मला झाकणाच्या पिंपात रिकामं करतात. गल्लीतले बाकीचे मिस्त्रीही आपले डबे तिथेच ओततात, आणि पिंप भरलं की टेम्पोवाला नेतो. अंगणातली तेलकट माती मिस्त्रींनी स्वतः खरवडून काढली. विहीर मात्र अजून सुधारलेली नाही. ताई खोकत खोकत लांबून पाणी आणते, तरी रोज सकाळी विहिरीतून एक बादली काढून तवंग गेला का ते बघायला उन्हात धरते. मिस्त्री हातातला पाना तसाच धरून तिच्याकडे बघत राहतात.

"आज नाही रे," ती म्हणते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. गंज चढला तरी चालेल. फक्त मला रिकामं कुठे करता, तेवढं बघा.