भाऊजींचं ओकचं पिंप

विश्वनाथभाऊजी जिना चढू लागले की आधी त्यांचा वास वर येई, भिजलेल्या लाकडाचा आणि करपलेल्या गुळाचा. हा माझा धाकटा दीर. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास बनारसबाहेरच्या दारूच्या कारखान्यात पिंपांवर देखरेख करी, आणि ब्रह्मा घाटावरच्या आमच्या भिक्षुकांच्या आळीत ‘दवाईची कंपनी’ म्हणून सांगे. चाल संथ, बोलणं संथ; बोटं मात्र सदा कशावर तरी टकटक करत. जणू सगळं जग पोकळ आणि ते ओळखणारा कान यांचा एकट्याचा.

कारखान्यानं टाकलेलं एक पिंप त्यांनी हातगाडीवरून घरी आणलं. ओक नावाच्या विलायती झाडाचं. आतून जाळून त्यात दारू वर्षानुवर्षं मुरवतात म्हणे. कार्तिकात नदी नितळली तेव्हा भाऊजींनी ते गंगाजलानं भरलं. पावसाळ्यात पाणी गढूळतं, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून. देशावरची माणसं तांब्याचा गंगेचा गडू जन्मभर देवघरात जपतात. दाराशी नदी असून आमच्याकडे दारूचं पिंप!

“वहिनी, लकडी चीज को सुधारती है. मुरलं की बघा.”

“मग तुम्हीच बसा आत चार वर्षं.”

हसले. निर्लज्ज माणसाचं हसू फार देखणं असतं.

श्रावणात सासूबाई निघाल्या. जन्मात कांद्याला शिवल्या नाहीत. शेवटचं मागणं एकच, तोंडात गंगा. भाऊजींनी दिमाखात पळीभर पाणी आणलं, चहासारखं तांबूस. ओठांशी येताच म्हातारीनं तोंड फिरवलं.

“विशू, दारू पाजतोस मला?”

हा चौकटीवर टकटक करत उभा.

मी तांब्या घेऊन धावले. पूर घाटाच्या पायऱ्या चढून वर आला होता, माती आणि काडीकचरा घेऊन. तेच पाणी आणलं.

“गढूळ आहे हो.”

“असू दे. गंगा आहे.”

घोट गिळला आणि गेल्या.

तेराव्याच्या पंगतीत भाऊजी डोळे पुसत सांगत होते, आई माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. लोकांनी माना डोलावल्या. मी भात वाढत होते; भाऊजींच्या पानावर वाढला नाही.

आता भाऊजीही नाहीत. पिंप चौकात पडून आहे. कितीदा धुतलं, उन्हात तापवलं, तरी आभाळ भरून आलं की तोच वास सोडतं. माणूस तेरा दिवसांत सोयीचं तेवढं आठवू लागतो; लाकडाला ती विद्या येत नाही.