दोन, थांबा, तीन

तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. तर ठिणगीने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, गॅसची ज्योत बारीक केली आणि गिरणीचं मागचं लोखंडी दार बाहेरून सांधायला घेतलं. भर दुपारी. आणि आत माणसं होती, चांगली जितीजागती.

ठिणगी म्हणजे टाकीवाल्यांची वेल्डर. मेलेले उठून चालायला लागले तेव्हा शहरात जे काही जीव उरले, ते आधी एकाच तळघरात राहायचे. मग फाटाफूट झाली. अर्धे पाण्याच्या टाकीच्या आवारात गेले, अर्धे कापडगिरणीत. आधी शिव्या, मग दगड, मग गोळ्या. गेल्या आठवड्यात गिरणीवाल्यांनी टाकीची तीन माणसं टिपली, त्यात टाकीवरच्याच पैलवानाचा सख्खा भाऊ. मग टाकीच्या मुकादमाने ठरवलं, मागचं दार सांधून टाकायचं, पुढचं ट्रक घालून पाडायचं आणि तिथे भोंगा वाजवायचा. आवाज झाला की मेलेले येतात, शेकड्यांनी. पुढचं ते बघून घेतील.

पैलवान पहार घेऊन कोपऱ्यावर राखणीला उभा होता, तिच्याकडे पाठ करून.

"उरक गं. तुझं नक्षीकाम बघायला कुणी येणार नाहीये."

"घाईत सांधलं की सुटतं. मग मुकादमाच्या शिव्या तू खाशील का?"

ती असं म्हणते न म्हणते तोच आतून दारावर हलकेच ठोका पडला, जेमतेम तिलाच ऐकू जाईल असा. दोन. थांबा. तीन.

ही खूण तळघरातली. मेलेलेही दारं बडवतात, पण त्यांना मोजता येत नाही. म्हणून कुठल्याही दाराशी गेलं की हाक मारायची नाही, आवाजाला ते येतात. नुसतं ठोकायचं. दोन, थांबा, तीन. म्हणजे आतल्याला कळतं, बाहेर माणूस आहे. ही युक्ती ठिणगीच्या मावशीची. आईमागे तिनेच ठिणगीला वाढवलेलं. फाटाफूट झाली तेव्हा मावशी गिरणीत गेली, ही टाकीवर राहिली, आणि दोन वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

खुणेला खुणेनेच उत्तर द्यायचं असतं. ते इतकं अंगात मुरलेलं की ठिणगीच्या बोटांनी तिला न विचारताच पत्रा वाजवला. हळूच. दोन, थांबा, तीन.

दाराच्या फटीतून कुजबुज आली.

"ठिणगे, तूच ना? गॅसच्या वासावरून वाटलंच."

ठिणगीने ज्योत दारापासून बाजूला धरली.

"चष्मा लावलायस ना गं?"

तिने मान डोलावली. दाराआडून काय दिसणार होतं कुणाला.

"बरं," मावशी म्हणाली. "मग कर बाई तुझं काम."

ठिणगीने केलं. तासभर खपून केलं. वरून शिवण अशी सुरेख की बघत राहावं, पण खाली लोखंडाने लोखंडाला धरलंच नव्हतं. आतून दोघांनी खांदा लावला असता तरी सुटलं असतं. पैलवान आला, गार झालेल्या शिवणीवरून त्याने अंगठा फिरवला.

"झकास," तो म्हणाला. "माझ्या भावाच्या आत्म्याला शांती मिळेल."

ठिणगीने चष्मा काढलाच नाही.

दिवस कलला तसा लांबून भोंगा ऐकू आला. बराच वेळ वाजला आणि थांबला. ट्रक परत आला, टाकीचं दार लागलं, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. ठिणगी एका बाजूला गॅसची नळकांडी पुसत बसली होती. पुसून झालेलीच पुन्हा पुसत होती.

आणि टाकीच्या दारावर ठोका पडला. दोन. थांबा. तीन.

थापा मारणारे हात जागच्या जागी थांबले.

"आपले सगळे आत आहेत?" मुकादमाने दबक्या आवाजात विचारलं.

सगळे होते.

"मागचं दार पक्कं होतं ना?"

प्रश्न ठिणगीला होता, पण उत्तर पैलवानाने दिलं. "पक्कं होतं. मी स्वतः हात लावून बघितलंय."

"मग तिथून जिवंत कुणी सुटलेलं नाही." मुकादमाने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे मेलेले मोजायला शिकले."

कुणीतरी लेकराचं तोंड दाबून धरलं. दाराला पूर्वी बघायची फट होती. तिथून एकदा गोळी आत आली, तेव्हा ठिणगीनेच ती सांधून टाकली होती. ते काम मात्र तिने खरंच पक्कं केलेलं.

"आजपासून ती खूण बंद," मुकादम म्हणाला. "उत्तर द्यायचं नाही, उघडायचं नाही."

ठिणगीचा एक शब्द पुरला असता. पण तो शब्द काढायचा म्हणजे तासभराचं ते सुरेख काम कबूल करायचं. गेल्या महिन्यात गिरणीवाल्यांना पाण्याचा एक कॅन दिला म्हणून टाकीवाल्यांनी एकाला याच दारातून बाहेर काढलं होतं. आणि पैलवान पहार घेऊन तिच्या शेजारीच उभा होता.

पुन्हा ठोके. दोन. थांबा. तीन. आधीपेक्षा हळू.

ठिणगी उठली, दारापाशी गेली. बोटं पत्र्यापासून वीतभर लांब. पैलवान त्या बोटांकडे बघत होता.

बाहेरून दोन ठोके पडले. मग थांबा. मग दोनच. ठोकणाऱ्याचा हात थकला, की त्याला मोजताच येत नव्हतं?

सांग आता. तिच्या जागी तू काय केलं असतंस?