सव्वा रुपयासाठी कापलेली नोट

मी एक जुनी, मधोमध कापलेली आणि भाताच्या खळीने चिकटवलेली शंभराची नोट आहे. चांद्याच्या एका बँकेत फाटक्या नोटांच्या गठ्ठ्यात पडून आहे. लवकरच मला जाळतील. मित्रांनो, जळण्याचे दुःख नाही. ते आम्हा नोटांच्या नशिबीच असते. पण मला कापले, त्याचा राग अजून जात नाही. तो सांगून टाकते.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी काय ऐटीत होते! पाठीवर हत्ती, अंगाला कोरा वास. लाकडाच्या ठेकेदाराने, कापसाच्या दलालाने, सगळ्यांनी मला अदबीने हाताळले. मग पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात घुग्घुसच्या कोळसा खाणीतल्या दसरूने सहा महिन्यांची चिल्लर देऊन मला घेतले. इतक्या काळ्या हातांत मी कधी गेले नव्हते, आणि इतके जपून मला कुणी धरलेही नव्हते.

दसरूचे घर एटापल्लीपलीकडच्या जंगलात होते. तिथे त्याची बायको सुकरी एकटी शेत पाही. जोडीतला एक बैल मेला होता. शेजारगावचा पत्रू आपला बैल तिला नव्वद रुपयांत द्यायला तयार होता, पण तिसऱ्या आठवडी बाजारापर्यंतच थांबणार होता. तोवर पैसे पोचले नाहीत तर बैल दुसऱ्याला जाणार आणि धानाचे शेत पडीक राहणार.

दसरूला सुट्टी मिळेना. गावाकडे जाणारे माणूसही सापडेना. तेव्हा तो हजेरी लिहिणाऱ्या गुणवंतरावांकडे गेला.

"बाबूजी, मनीऑर्डरले किती लागते?"

"सव्वा रुपया. विम्याचं पाकीटही महागच पडते. काऊन देतं बे फुकटचं? नोट काप. अर्धी आज धाड. भेटली असा निरोप आला का मंग दुसरी धाड. चोराले अर्धी भेटून कोन्या कामाची? दोन पाकिटाचे चार आने. रुपया वाचते तुहा!"

"अन् चिठ्ठी?"

"आत काही लिहू नोको. पैशाचं नाव दिसलं का पाकीट फुटते."

हा गुणवंतराव स्वतःचा पगार दर महिन्याला मनीऑर्डरनेच घरी पाठवी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दुसऱ्याच्या नोटेवर कात्री चालवायला याचे काय जात होते? खचकन् माझे दोन तुकडे झाले. मित्रांनो, शंभराची अर्धी म्हणजे पन्नास नव्हे. शंभराची अर्धी म्हणजे काहीच नव्हे.

मी, म्हणजे डावी बाजू, आधी निघाले. नऊ दिवसांनी डाकवाल्याने दसरूचे पाकीट म्हणून ते सुकरीच्या हाती दिले. तिने ते फोडले, उलटे करून झटकले. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसती मी, अर्धी.

त्या गावात नवरा-बायकोचे फिसकटले की पंचांपुढे काडी मोडून दोन तुकडे करतात. मग तो मोकळा, ती मोकळी. सुकरीने माझ्या कापलेल्या कडेवर बोट फिरवले.

"पंचापुढं यायची हिंमत नाई झाली, म्हून डाकेनं मोडून धाडली," ती म्हणाली. "एवढी मोठी नोट कापली! केवढा राग असन त्याले माह्यावर!"

मी ओरडत होते, अगं, मी काडी नाही, मी बैल आहे, अर्धा बैल! पण नोटेचे कोण ऐकतो? तिने मला पदराला बांधले आणि तडक माहेर गाठले.

इकडे दसरू रोज विचारी, निरोप आला का? निरोप येईना, म्हणून तो दुसरी अर्धी पाठवीना. एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. पत्रूने बैल विकून टाकला. पाऊस लागल्यावर गावचा वारलू खाणीत कामाला आला, तेव्हा सुकरी माहेरी गेल्याचे दसरूला कळले.

"तूच त काडीमोड धाडली म्हनतेत," वारलू म्हणाला.

दसरू हजेरी सोडून धावतच निघाला. सुकरीच्या माहेरी काडीमोड पक्की करायला पंच जमले होते. त्याने सगळ्यांपुढे उजवी बाजू माझ्याशेजारी ठेवली. कड कडेला बरोबर बसली.

"काडी जुळली रे!" म्हातारा पंच लालसू हसला. सगळे हसले. सुकरी हसली नाही.

"बैल कुठी आहे?" तिने विचारले.

"रुपया वाचत होता..."

"वाचला ना? मंग त्या रुपयालेच जुंप नांगराले!"

त्या हंगामात दुसरा बैल मिळाला नाही. उरलेल्या बैलाशेजारी दसरूने स्वतः जुवाखाली मान दिली आणि सुकरीने नांगर धरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्याची साल निघाली. तिने नांगर थांबवला, त्याला बाजूला सारले आणि जुवाखाली उभी राहिली. भाताच्या खळीने चिकटवलेली मी तिच्या पदरात होते, शंभर रुपयांची, आणि कवडीच्या उपयोगाची नव्हते.

मित्रांनो, पैसे पाठवताना शुल्क जरूर विचारा. चार वाटा असतील तर चारही तपासा. पण जो वाट स्वस्त म्हणून दाखवतो, तो स्वतः कुठल्या वाटेने जातो तेही पाहा. आणि पैशाबरोबर दोन शब्द पाठवा. मनीऑर्डरच्या कागदाखाली त्यासाठी जागा असते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. गुणवंतराव दर महिन्याला तिथे 'सर्व कुशल' असे लिहीत. दसरूला ती जागा त्यांनी दाखवलीच नाही.