वाटेवरचा पाइन

शेताच्या मालकीणबाईंनी ताह्वो म्हाताऱ्याला साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत जागा दिली होती. सन चव्वेचाळीसच्या जूनमध्ये रशियन फौजा गावाजवळ आल्या, तेव्हा तो लेक आइलीबरोबर आधी गाय हाकत आणि मग मालगाडीतून इथे, फिनलंडच्या पश्चिमेला आला. घर सोडायची ही दुसरी वेळ. मागच्या वेळी सोडलेलं घर दोन वर्षांनी परत मिळालं होतं, म्हणून आताही निघण्याआधी आइलीने घरातली जमीन घासून स्वच्छ केली. बटाटे काढायला आपण घरीच असू, याची म्हाताऱ्याला खात्री होती.

सप्टेंबर आला, त्याची छाती भरली, आणि बटाट्यांचं नाव निघेनासं झालं. आता एकच मागणं उरलं होतं: तळ्याकाठच्या आपल्या गावच्या दफनभूमीत, बायकोशेजारी पुरायचं.

"सीमा कुठे ठरते त्यावर आहे, बाबा."

"मग जा, ऐकून ये."

रेडिओ मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात होता. आइली दाराशी उभी राहून ऐकायची आणि अंगण ओलांडून बातमी आणायची. फिनलंडसारखाच जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या रुमानियाने बाजू बदलल्याचं तिनेच सांगितलं होतं.

"बर्लिनवाले चिडलेत म्हणे."

"त्यांना चिडू दे. मॉस्कोवाले खूश झाले का, ते सांग."

मग बल्गेरियाही फिरला. इथल्या आघाडीवरच्या तोफा थांबल्या. जर्मन सैन्याला देशातून निघायला सांगितलं गेलं आणि फिनलंडचं शिष्टमंडळ तहाची बोलणी करायला मॉस्कोला गेलं. तिथे पंतप्रधानांनाच अर्धांगवायूचा झटका आला. ते ऐकून म्हातारा खोकता खोकता हसला.

"घ्या! बोलणी करायला गेला आणि वाचाच गेली."

मग छताकडे बघत त्याने विचारलं.

"दुसरा कोणी आहे ना गं बोलायला?"

"आहेत, बाबा."

पुढची बातमी यायच्या आत तो गेला.

पाद्री म्हणाले, उद्या पुरू. आइलीने विचारलं, तह होईपर्यंत थांबता येईल का? हवा गार आहे, तीन-चार दिवस निभतील, असं ते म्हणाले. शवपेटी कोठारात ठेवली.

"अगं, तुझे वडील माझ्या कोठारात आहेत म्हणून मॉस्कोवाले लवकर सही करणार आहेत का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही करणार."

"मग?"

मालकीणबाईंनी कोठाराला कडी घातली आणि आइलीपुढे काळा पाव ठेवला.

तहाच्या अटी रेडिओवर वाचून दाखवल्या, तेव्हा ती नेहमीसारखी दाराशीच उभी होती. सीमा पुन्हा चाळीस सालची, मागच्या वेळी घर सोडायला लागलं तेव्हाची. घर पलीकडे गेलं, तळं आणि आईची कबरही. अटी अजून पुष्कळ होत्या, पण ती अंगणात निघून आली.

दुसऱ्या दिवशी ओस्कारीकाका कुऱ्हाड घेऊन आले. त्यांच्या गावाकडची ती रीतच होती. घर आणि दफनभूमी यांच्या वाटेवरच्या एका पाइनच्या खालच्या फांद्या छाटायच्या आणि बुंध्यावर गेलेल्याचं नाव कोरायचं. मेलेला माणूस घराकडे परत निघाला, तर ती खूण पाहून थबकतो आणि मागे फिरतो.

शवपेटी घोडागाडीत ठेवून ते निघाले, मागच्या गाडीत मालकीणबाई होत्या. चर्च दिसायला लागलं, तिथे काकांनी गाडी थांबवली.

"हा बरा आहे. सरळसोट आहे."

"काका, नको."

"नको काय? तुझ्या आईला केलं होतं. आजोबांना केलं होतं."

"ते आपल्या घरून निघाले होते. बाबांना कुठल्या घरापासून अडवायचं? त्या साउनापासून?"

"वेडी आहेस का? खूण नसली तर तो भटकत राहील."

"भटकू दे. घरीच जायचं म्हणत होते शेवटपर्यंत. आपल्याला नेता आलं नाही. निदान वाटेत आपण तरी उभं राहायला नको."

काका कुऱ्हाड धरून झाडाशी उभे राहिले. मागच्या गाडीतून मालकीणबाईंनी हाक मारली, पाद्री वाट बघताहेत. काका परत आले आणि आइलीशेजारी जड अंगाने बसले.

"आणि सीमेवर गं? तिथे काय करेल तो?"

आइलीने लगाम उचलला. घोडा आपणहून चालायला लागला.