भेटायला आलेली सफरचंदं

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे कबूल. पण म्हणून अख्ख्या सायखेड्याने सफरचंदंच आणावीत? खंडेरावांना अर्धांगाचा झटका आला, दवाखान्यातून त्यांना मुलाच्या, शेखरच्या, इंदिरानगरातल्या फ्लॅटवर आणलं, आणि गावची माणसं एसटीने येऊ लागली. ज्याच्या त्याच्या हातात पिशवी आणि पिशवीत सफरचंदं. फ्रिज भरला, दिवाणाखाली टोपल्या गेल्या. शेवटी शेखरच्या बायकोने, हर्षालीने, वॉशिंग मशीनमध्येसुद्धा ठेवली. धुणंभांडी करणाऱ्या बाईला द्यायला गेली, तर ती म्हणाली, "नको हो वहिनी, माझा सासराही आजारी हाय. आमच्याकडं काय कमी आलीत?"

आणि ज्याच्यासाठी ही रास लागली होती, तो माणूस तोंडच उघडत नव्हता.

झटक्याने खंडेरावांच्या तोंडाची डावी बाजू लोंबली होती. घरी आल्या दिवशी धाकट्या भावासमोर, रावजीसमोर, त्यांनी चहाचा घोट घेतला आणि निम्मा हनुवटीवरून सदऱ्यावर आला. रावजीने 'अरेरे' म्हणत डोळे पुसले. झालं! गावच्या पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढणारा हा गडी तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडला. बायकोने, सिंधुबाईने, दार लावून भरवलं तर दोन-चार चमचे पेज पोटात जायची, तीही ठसकत.

पुन्हा दवाखान्यात दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पातळ देऊ नका. घट्ट, मऊ, गुठळी नसलेलं काहीतरी द्या. सोमवारपर्यंत पोटभर खायला लागले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं नाव ऐकून सिंधुबाईचं डोकंच फिरलं. घरी येऊन ती नवऱ्याच्या पाठीला म्हणाली, "ऐका, मी हाय तोवर नळीबिळी काय घालू देत नाय. तुमी खाणार. कसं खात नाय तेच बघते मी."

तिचा हा हट्ट बघून हर्षालीने एक जुनं मासिक शोधून आणलं. त्यात लिहिलं होतं, सफरचंदं शिजवायची, गाळायची आणि मंद आचेवर आटवत बसायचं. "ॲपल बटर म्हणतात, आई. बटर नसतं त्यात."

"मग बटर कशाला म्हणायचं?"

"ते त्यांचं त्यांना माहीत."

"असू दे. घट्ट होतं ना? मऊ होतं ना? मग आण ते मोठं पातेलं."

सिंधुबाईने सफरचंदं शिजवली, पुरणयंत्रातून काढली, गूळ आणि सुंठ घातली आणि ढवळत उभी राहिली. बरं, हे प्रकरण पिठल्यापेक्षा वाईट. फटाफट उडतं, हाताला चटके बसतात. तरी ती हटली नाही. पण दारावरची बेल वाजली. गावची माणसं! धावा, पाणी द्या, चहा टाका, 'कसं काय झालं हो' ला उत्तर द्या. माणसं जाईपर्यंत पातेलं बुडाशी लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरभर करपल्याचा वास, ओट्यावर सफरचंदांच्या दोन नव्या पिशव्या, आणि सोमवार तोंडावर आलेला. सिंधुबाई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग उठली आणि काथ्याने पातेलं घासायला लागली.

रविवारी सकाळीच रावजी आला. सोबत थोरली बहीण कमळाबाई आणि गावची आणखी चार माणसं. पिशव्या होत्याच. कमळाबाईने भावाच्या पाठीकडे बघून पदर डोळ्यांना लावला, तशी सिंधुबाई गरजली, "वन्सं, रडायचं नंतर! आधी ही सुरी धरा. भाऊजी, तुमी पुरणयंत्र फिरवा. आज या घरात काम केल्याबिगर चहा मिळणार नाय."

माणसं बघतच राहिली. पण सिंधुबाईपुढे बोलणार कोण? हॉलमध्ये, खंडेरावांच्या दिवाणासमोरच, वर्तमानपत्रं अंथरली गेली. कोण सोलतंय, कोण बिया काढतंय. सिंधुबाई पातेल्यापासून तसूभर हलली नाही. रावजीने सालं इतकी जाड काढली की कमळाबाई ओरडली, "अरे, सफरचंद सोलतोस का नारळ?" सगळे खदखदून हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. खंडेरावांनी हळूच कूस बदलली. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

दुपारी पातेल्यातलं तपकिरी झालं. ताटलीत थेंब टाकला तर पाणी सुटलं नाही. जरा निवल्यावर सिंधुबाईने पातेलं उचलून हॉलच्या मधोमध आणून ठेवलं. चमचे शोधतंय कोण! जो तो बोटाने चाटायला लागला. रावजीच्या मिशीला लागलं, कमळाबाईच्या नाकाच्या शेंड्याला. एकाचंही तोंड स्वच्छ राहिलं नाही.

सिंधुबाईने एक वाटी भरली, नवऱ्याला उशांना टेकवून बसतं केलं आणि वाटी त्याच्या चांगल्या, उजव्या हाताशी ठेवली. भरवलं नाही. 'खा' म्हणाली नाही. ती पाठ करून रावजीशी बोलत बसली.

मग रावजी बोलता बोलता थांबला. सिंधुबाई वळली. खंडेरावांचं बोट वाटीत होतं. बोट तोंडात गेलं. वाकड्या कोपऱ्यातून एक ओघळ हनुवटीवर आला. तिचा हात पदराकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. खंडेरावांनी मनगटाने हनुवटी पुसली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा बोट बुडवलं. ठसका लागला नाही. वाटीचा तळ दिसायला लागला, तेव्हा जड जिभेने त्यांनी बायकोला सुनावलं, "गूळ... लय झालाय."

"झाला असंल!" सिंधुबाई खेकसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "उद्या कमी घालीन. बोला, आणखी वाढू का?"

खंडेरावांनी वाटी पुढे केली.